खेमराजचा उजवा गाल

"आबा, हा एक माणूस आहे की दोन?" हिरलने माझ्यासमोर फोटो धरून विचारलं.

फोटो तिच्या वडिलांचा होता. म्हणजे माझ्या मुलाचा, खेमराजचा. ही गोष्ट २०४३ सालची. त्या उन्हाळ्यात शाळेने सहावीच्या मुलांना सुटीपुरते अतिनील कॅमेरे दिले होते. अतिनील किरण (सूर्यप्रकाशातले जांभळ्या रंगापलीकडचे किरण) आपल्या डोळ्यांना दिसत नाहीत, या कॅमेऱ्याला दिसतात. उन्हाने त्वचेच्या आत जे डाग पडतात, ते वर उमटण्याआधीच या कॅमेऱ्यात कळतात.

फोटोत खेमराजचा डावा गाल साफ होता. उजव्या गालावर मात्र काळे ठिपके होते आणि डोळ्याच्या कडेला सुरकुत्यांचं जाळं. डावीकडून तो बेचाळीस वर्षांचा दिसत होता, उजवीकडून माझा धाकटा भाऊ.

"पप्पा उजव्या कुशीवर झोपतात का?" हिरलने विचारलं.

"मी जन्मभर उजव्या कुशीवरच झोपतो. माझा फोटो बघ."

माझे दोन्ही गाल सारखेच सुकलेले होते. मग तिला मोबाईलचा संशय आला, मग दाढीच्या ब्लेडचा. एकही टिकेना. तेवढ्यात खेमराज ड्युटीवरून आला. हिरल म्हणाली, "पप्पा, ऊन तर नसेल?"

तो हसला. "मला कसलं ऊन? एसी बस, काचा बंद. ऊन लागतं शेतातल्या माणसाला. मी फ्रीजमधला माणूस आहे."

मी रंगाच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत चौतीस वर्षं काढली. रंगवलेले पत्रे गच्चीवर ठेवायचे आणि कोणता रंग उन्हात किती टिकतो ते पाहायचं, हे माझं काम. त्यामुळे मला हसू आलं नाही. मी म्हटलं, "हिरल, वही घे. पप्पांची बस कुठून कुठे जाते?"

"शहाद्याहून नाशिकला. बाराला निघते."

"म्हणजे उत्तरेकडून दक्षिणेकडे. ड्रायव्हर बसतो उजव्या खिडकीशी. दक्षिणेकडे तोंड केलं तर उजवा हात कुठल्या दिशेला?"

तिने उठून तोंड फिरवून पाहिलं. "पश्चिमेला. आणि दुपारी सूर्य पण पश्चिमेला!"

"आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत येताना?"

तिने उलटं तोंड केलं आणि जागच्या जागी उडी मारली. "उजवा हात पूर्वेला! सकाळी सूर्य पण पूर्वेला! आबा, जाताना पण उजवीकडे आणि येताना पण उजवीकडेच!"

खेमराज गालावर हात ठेवून बसला. "पण काच बंद असते ना," तो म्हणाला. आवाज मघापेक्षा जरा खाली आला होता.

मी समजावून सांगितलं. उन्हात वेगवेगळे किरण असतात. जे गरम लागतात ते वेगळे आणि त्वचा बिघडवतात ते वेगळे. एसी गरमी घालवतो, अतिनील किरणांचं तो काहीच करू शकत नाही. म्हणून अंगाला गार लागलं तरी ऊन काम करतच असतं. अतिनील किरणांतही दोन भाऊ आहेत. 'बी' हा आखूड लहरींचा; तो त्वचा भाजतो, पण साधी काच त्याला बहुतेक अडवते. 'ए' हा लांब लहरींचा. तो भाजत नाही, म्हणून कळतही नाही. तो काचेतून आत येतो, त्वचेत खोल जातो आणि वर्षानुवर्षं ती हळूहळू खराब करतो.

"मग समोरच्या काचेतून पण येईल," हिरल म्हणाली. "मग नाक का नाही बिघडलं?"

प्रश्न बरोबर होता. बसची समोरची काच दोन काचा चिकटवून केलेली असते आणि मध्ये प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा असतो. तो पापुद्रा 'ए' किरणांनाही बराचसा थोपवतो. बाजूची काच एकेरी असते.

हा नुसता सुटीचा खेळ असता तर इथेच संपला असता. पण खेमराजच्या उजव्या गालावर तुरीच्या डाळीएवढा एक खरखरीत डाग आला होता. त्याच आठवड्यात आम्ही तो डॉक्टरांना दाखवला. त्या म्हणाल्या, "आज घाबरण्यासारखं काही नाही. हा डाग मी काढून टाकीन. पण गालावर असंच ऊन पडत राहिलं तर नवे येतील, आणि एखादा वाईट निघू शकतो. रोज सनस्क्रीन (ऊन अडवणारं मलम) लावा. रोज म्हणजे रोज."

खेमराजने स्टँडवरच्या दुकानातून एक काळी ट्यूब आणली. तिच्यावर 'खास पुरुषांसाठी, थंडगार' असं लिहिलेलं होतं. ती लावली आणि दुसरंच संकट उभं राहिलं.

त्याच्या बसमध्ये मावशी होती. मावशी म्हणजे बसचा बोलणारा संगणक. सारखी टोकायची म्हणून ड्रायव्हरांनी ठेवलेलं नाव. तिचा कॅमेरा ड्रायव्हरच्या डोळ्यांवर असतो. डोळे मिटू लागले की झोप आली असं समजून ती बस कडेला घेते आणि नावापुढे लाल खूण करते. वर्षात तीन खुणा झाल्या की लांबचा मार्ग बंद, डेपोत चार्जिंगच्या तारा ओढायच्या. काळ्या ट्यूबने खेमराजचे डोळे असे चुरचुरले की नाशिकच्या दोन फेऱ्यांत दोन खुणा पडल्या.

"आता एकच उरली," तो आम्हाला म्हणाला. "मी काही लावणार नाही. डाग पुढचा पुढे बघू."

हिरलची आजी, सुमन, गेली त्याला तेव्हा चौदा महिने झाले होते. तिच्या पोटात दुखायचं. आम्ही सगळे म्हणायचो, सुटीत दाखवू, सुगी झाली की दाखवू. मी खेमराजला म्हटलं, "पुढचं पुढे या घरात एकदा झालं. आता नाही. आम्हाला आठ दिवस दे."

तो म्हणाला, "सोमवारपर्यंत. सोमवारी जमलं नाही तर विषय बंद."

हिरलने वहीत काय हवं ते लिहिलं. 'ए' किरण थांबले पाहिजेत. डोळे चुरचुरायला नकोत. तोंड पांढरं दिसायला नको, नाहीतर डेपोत चेष्टा होईल. एसीने पप्पांची त्वचा कोरडी पडते, म्हणून मॉइश्चरायझर (त्वचेतला ओलावा टिकवणारं क्रीम) आणि सनस्क्रीन एकातच हवं. "दोन बाटल्या दिल्या तर पप्पा एकही लावणार नाहीत," ती म्हणाली. आणि स्वस्त हवं, कारण महाग वस्तू माणूस पुरवून पुरवून वापरतो.

आम्ही चार नमुने जमवले. पहिली ती काळी ट्यूब. दुसरं सूनबाईंचं गुलाबाच्या वासाचं महाग क्रीम. तिसरी मेडिकलमधली साधी पांढरी बाटली: बिनवासाचं मॉइश्चरायझर, एसपीएफ तीस, पीएपुढे अधिकाची तीन चिन्हं. चौथं जस्ताचं घट्ट मलम.

"लावायचं कुणाला?" मी विचारलं.

हिरल माझ्या टकलाकडे बघत होती.

"तेवढी एकच मोकळी जागा आहे घरात," ती म्हणाली.

तिने पेनाने माझ्या डोक्यावर चार चौकोन आखले. सूनबाईंनी आपलं महागाचं क्रीम टकलावर जाताना पाहिलं आणि म्हणाल्या, "आबा, पुरे आता. केस उगवतील." जस्ताचं मलम डोक्यावर चुन्यासारखं पांढरं दिसत होतं, ते तिथेच बाद झालं. मग आम्ही गच्चीवर गेलो. डेपोच्या भंगारातून बसच्या बाजूच्या काचेचं एक तावदान आणलं होतं. ते मी सूर्य आणि माझं डोकं यांच्या मध्ये धरलं. आता डोक्यावर पोहोचत होते ते फक्त काचेतून आलेले किरण, म्हणजे 'ए'.

अतिनील कॅमेऱ्यात सनस्क्रीन काळं दिसतं, कारण ते किरण शोषून घेतं, परत पाठवत नाही. जितकं काळं तितकं चांगलं.

"आबा, साधी बाटली एकदम काळी! मम्मीच्या क्रीमइतकीच! आणि पप्पांची ट्यूब..." तिने कॅमेरा पुसून पुन्हा पाहिलं. "राखाडी. पण तिच्यावर तर एसपीएफ पन्नास लिहिलंय!"

एसपीएफ हा आकडा मुख्यतः भाजणाऱ्या 'बी' किरणांबद्दल बोलतो. तीस असेल तर तिसातला एक भाग आत जातो, पन्नास असेल तर पन्नासातला एक. म्हणजे शंभरातले तीन की दोन, एवढाच फरक. 'ए' किरणांसाठी पीएपुढची चिन्हं मोजायची किंवा 'ब्रॉड स्पेक्ट्रम' (दोन्ही प्रकारचे किरण थांबवणारं) हे शब्द शोधायचे. काळ्या ट्यूबवर दोन्ही नव्हतं.

"मग पुरुषांसाठी म्हणजे काय?"

"काळा रंग, थंडावा आणि वास. त्वचेला काय माहीत ती बाईची की बाप्याची?"

रात्री खेमराज जेवायला बसला तेव्हा हिरलने विचारलं, "पप्पा, तुम्ही किती लावायचात?"

"हरभऱ्याएवढं."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने हरभऱ्याएवढं त्याच्या गालावर पसरलं आणि उन्हात फोटो काढून दाखवला. नुसते पट्टे, मध्ये मध्ये त्वचा उघडी. मग तिने तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर टोकापासून मुळापर्यंत क्रीमची रेघ ओढली. चेहरा आणि मान यांना एवढं लागतं. आता फोटोत गाल एकसारखा काळा आला.

"तुम्ही क्रीम लावत नव्हता पप्पा. क्रीमची बातमी लावत होता."

साधी बाटली इतकी वापरूनही रोजचा खर्च स्टँडवरच्या एका चहापेक्षा कमी येत होता. आम्हाला वाटलं, जिंकलो.

शनिवारी मी ते क्रीम कपाळापासून हनुवटीपर्यंत लावलं आणि दुपारी जिना दहा वेळा चढलो उतरलो, घाम यावा म्हणून. घाम आला. आणि माझे डोळे चुरचुरले. काळ्या ट्यूबइतके नाही, पण मावशीला पुरेल इतके.

हिरलने वही मिटली. रडली नाही. म्हणाली, "आबा, आपण मावशीला विचारायचं राहिलं."

आम्ही डेपोत गेलो. खेमराजने बस चालू केली.

"मावशी, पप्पांचे डोळे मिटायला लागले ते किती वाजता?" हिरलने विचारलं.

"पहिल्या फेरीत बारा अठ्ठावन्न. दुसऱ्या फेरीत एक वाजून दोन मिनिटं," मावशी म्हणाली. "मी डोळे बघते. कारण बघत नाही. ते माणसांनी बघावं."

"एकच्या सुमारास तुम्ही कुठे असता, पप्पा?"

"दोंडाईचा सोडलेलं असतं. तिथे मी पार्सलची खोकी चढवतो." तो थांबला. "तेवढाच घाम येतो मला दिवसात."

"आणि क्रीम कधी लावायचात?"

"सीटवर बसल्यावर. कपाळापासून सुरुवात."

हिरल समोरच्या मोठ्या काचेकडे बघत राहिली. मग ती इतक्या जोरात ओरडली की मावशीने "शांतता राखा" म्हटलं.

"कपाळाला नकोच! समोरची काच कपाळाला सांभाळते. घाम कपाळावरून डोळ्यांत येतो, गालावरून खाली जातो. क्रीम डोळ्यांच्या खाली लावायचं. गाल, नाक, कान, मान. बसमधून उतरलं की कपाळाला टोपी!"

मी त्यात माझी एक भर घातली. रंग काय आणि क्रीम काय, बसायला वेळ लागतो. निघण्याच्या वीस मिनिटं आधी लावायचं, सीटवर नाही. आणि दोन-अडीच तासांनी, थांबा आला की, घाम पुसून पुन्हा.

सोमवारी आम्ही दोघं तिकीट काढून मागच्या सीटवर बसलो. खेमराजच्या गालावर काही लावलंय हे डेपोत कुणाच्या लक्षातही आलं नाही. दोंडाईचाला त्याने नऊ खोकी चढवली. टोपी काढून कपाळ पुसलं आणि बस सुरू केली. हिरलने माझा हात धरला. बारा अठ्ठावन्न झाले. एक वाजून दोन झाले. सव्वा झाला. खेमराज आरशात आमच्याकडे बघत होता.

"डोळे रस्त्यावर, ड्रायव्हरभाऊ," मावशी म्हणाली.

तेवढंच म्हणाली. धुळ्याला त्याने पुन्हा क्रीम लावलं. चांदवडचा घाट गेला. नाशिकला बस उभी राहिली तेव्हा मावशीने दिवसाचा हिशोब वाचला: वेग ठीक, ब्रेक ठीक, डोळे ठीक. खेमराज स्टिअरिंगवर हात ठेवून तसाच बसला होता. मग त्याने खिशातून डॉक्टरांची चिठ्ठी काढली आणि डाग काढायची तारीख विचारायला आमच्यासमोर फोन लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मला विश्रांतिगृहात जाग आली. खेमराज खिडकीशी उभा राहून कानामागे क्रीम लावत होता. कुणी सांगितलं नव्हतं. हिरलही जागी होती. मग तो घड्याळ बघून खाली बसला, वीस मिनिटं जायची वाट बघत.

"आबा," हिरल हळूच म्हणाली, "समोरच्या काचेत पापुद्रा घालतात, तर बाजूच्या काचेत का घालत नाहीत?"

"बस बनवणाऱ्यांना विचारायला हवं."

तिने वही उघडली, नवं पान काढलं, आणि बस सुटायला अजून अवकाश होता म्हणून पत्राची पहिली ओळ लिहायला घेतली.