कोरा शिधा

"अनु... तू?"

त्या आवाजानं अनुसयाच्या हातातलं सूप कललं आणि निम्मे तांदूळ भुईवर सांडले! दारात डोमाजी उभा होता... तिचा सख्खा थोरला भाऊ! नागपूर मध्य प्रदेशातून वेगळ्या राज्यात गेलं, त्याच साली अनुसया नवऱ्याबरोबर प्रभू येशूला शरण गेली. आणि ते कळताच लामता गावातल्या घरी ज्यानं जिवंत बहिणीच्या नावानं आंघोळ केली, तोच हा!

"माह्या धाकट्या पोरीचं, चंपीचं आपरेशन झालं," खाली मान घालून तो म्हणाला. "दवाखान्यात सांगतलं, अनुबाईच्या सपरीत जागा भेटते. मले का मालूम, थे तूच हायेस! तिकडं थोरल्या साधनाचं लगन जुळलं अन् इकडं हे..."

"बस दादा," सांडलेले तांदूळ गोळा करत ती म्हणाली.

बालाघाटच्या सरकारी दवाखान्यामागची ही उघडी, पडवीसारखी सपरी बैहरपर्यंतच्या खेड्यांना ठाऊक होती. रोग्यांची माणसं तिथं उतरत. अनुसया कोणाची जात विचारत नसे आणि आपल्या हातचं खाण्याचा आग्रहही करत नसे. कोरा शिधा, भात शिजवायला राखेनं घासलेला गंज आणि लाकडं पुढे ठेवी. ज्याचं त्यानं रांधून घ्यावं! 'देवाचं काही सांगत नाहीस का गं त्यांना?' असं चर्चमधल्या बायका विचारत. 'विचारलं तर सांगते,' ती म्हणे.

आज मात्र तोच शिधा भावापुढे ठेवताना तिचं काळीज चिरत गेलं. डोमाजीनं जन्मात चूल फुंकली नव्हती! ती आत गेली, बाहेर आली, पुन्हा आत गेली... भाताला करपल्याचा वास सुटला, धुरानं तो खोकू लागला, आणि तिच्या चुलीवर त्याच्या आवडीची वांग्याची भाजी रटरटत होती. प्रभू, एकदाच... एकदाच त्यानं माझ्या हातचा घास खावा! इतकी वर्षं ती हेच तर मागत आली होती.

आणि डोमाजी रिकामं ताट घेऊन दारात आला. डोळे लाल झाले होते.

"वाढ अनु. तुह्या हातचं वाढ."

तिनं झटकन पळी उचलली... आणि तिची नजर सपरीच्या टोकाला गेली. तिथं लामत्याकडचंच एक म्हातारं जोडपं बसलं होतं. दोघंही टक लावून इकडेच पाहत होती. डोमाजी ख्रिस्तावाच्या घरी जेवला, ही बातमी त्याच्याआधी गावात पोचली असती. आणि मग साधनाचं लगन?

पळी तिनं खाली ठेवली.

"नाही दादा. आज नाही."

"काहून? राग हाय तुले माह्यावर?"

"राग असता तं दारात घेतलं असतं काय तुले?" तिनं भाजीवर झाकण ठेवलं. "साधनाची अक्षता पडू दे. मंग ये... माही भाजी कुठं पळून जात नाही."

त्यानं सपरीकडे पाहिलं, आणि त्याला सगळं कळलं. ज्या बहिणीला आपण मेली म्हटलं, ती आपल्याच लेकीचं घर सांभाळत होती! तो मागे फिरला. अनुसयानं पदर तोंडाशी धरला. पण क्षणभरात तो करपलेल्या भाताचा गंज घेऊन परत आला आणि उंबऱ्याशी मांडी घालून बसला.

"मंग तू जेव माह्या हातचं. मेलेल्याचा घास कावळ्याले ठेवतेत, अनु. मले माह्या बहिणीले ताटात वाढाचं हाय."

तिनं ताट पुढे केलं. सवयीनं हात जोडले, डोळे मिटले. डोमाजी वाढायचा थांबला. तिचे ओठ हलत होते, आणि तो त्यांच्याकडे बघत राहिला.

"अनु," तो हळूच म्हणाला, "तुह्या देवाले चंपीचं बी सांगजो."

"रोजच सांगते दादा... तुमचं साऱ्यांचं."

डोमाजीला तोंड वर करवेना. भात करपलेला, त्यात मीठही नव्हतं. अनुसयानं ताट पुसून खाल्लं आणि पुन्हा पुढे केलं.

"अजून वाढ, दादा."