फळ्याच्या कोपऱ्यातलं नाव

मन्याड विद्यापीठाच्या लेपकक्षाबाहेर, भिंतभर पडद्यावर पदवीच्या चौपन्न अभ्यासक्रमांची यादी झळकत होती. भूगोल, पाली, अर्थशास्त्र, गृहविज्ञान, संगीत. प्रत्येकासमोर लागणारा वेळ. रसायनशास्त्र : चार तास दहा मिनिटं. प्रा. विजयमाला बेंबळगे यांनी त्या एका विषयावर सत्तावीस वर्षं घालवली होती. तो आकडा वाचून त्यांचं डोकंच फिरलं.

"उद्या एकतीस हजार मुलांचं लेपन आहे," संचालक डॉ. निनाद उंबरकर म्हणाले. "रसायनशास्त्राच्या स्रोत-शिक्षिका तुम्ही. नियमाप्रमाणे दरवर्षी तुमची सही लागते."

पाच वर्षं ती सही त्यांनी घरबसल्या, न वाचता केली होती. यंदा आग्रह धरून त्या स्वतः आल्या होत्या.

"सही नंतर. सहा वर्षांपूर्वी माझ्या डोक्यातून नेमकं काय काढलंत, ते आधी सांगा."

"स्मृतिलेपन अगदी सोपं आहे. एखादं वाक्य तुम्ही जितक्या वेळा आणि जितक्या ठामपणे शिकवलंत, तितकी त्याची वाट तुमच्या मेंदूत मळलेली असते. त्या मळलेल्या वाटांचा आम्ही साचा घेतो आणि मुलांच्या मेंदूवर त्याचा लेप चढवतो. मूल जागं होतं ते पदवीधर होऊनच."

"आणि माझ्या वर्गातली मुलं? त्यांचे आवाजही माझ्या आठवणीत आहेत की."

"ते गाळणीत जातात. खोकणं, हसणं, शंका, सगळा गोंगाट. तो ठेवला असता तर लेप नऊ तासांचा झाला असता."

"शंका गोंगाटात गेल्या?"

"शंका म्हणजे ज्ञान नव्हे, मॅडम."

बाईंनी मग विचारलं, "लेप पुसला जातो?"

"बोलून नाही, वाचूनही नाही. अंगाला चटका बसला तरच ती वाट मोडते." उंबरकर हसले. या माणसाला आपण काय बोलून गेलो याचा पत्ताही नव्हता.

बाई आग्रहाने आल्या होत्या त्या सादिया सय्यदसाठी. बावीस वर्षांची ही लेपित पदवीधर बॅटरीच्या कारखान्यात कामाला लागली आणि तिसऱ्या दिवशी आम्लाने भाजली. आता विद्यापीठ तिच्यावर निष्काळजीपणाचा ठपका ठेवून तिची पदवी काढून घेणार होतं. विद्यापीठाने प्रयोगशाळांना कधीच कुलपं लावली होती, त्यामुळे तीव्र आम्लाची बाटली सादियाने जन्मात पहिल्यांदा कारखान्यातच हातात धरली होती.

सभागृहात सादियाच्या चौकशी समितीचे कुलगुरू भालेराव आणि रसायनशास्त्राचे तीन तज्ज्ञ बसले होते. समोर सादिया, उजवा हात कोपरापर्यंत बँडेजमध्ये.

"काय केलंस गं बाळा? भिऊ नको, सांग," बाई म्हणाल्या.

"शिकवलंय तसंच केलं, मॅडम. तीव्र गंधकाम्ल घेतलं आणि त्यात पाणी ओतलं. बारीक धाऽरेनं. ते उसळून अंगावर आलं."

बाईंनी ते वाक्य लगेच ओळखलं. 'धारेनं'मधला 'धा' लांबवून बोलायची सवय साऱ्या जिल्ह्यात एकट्या त्यांना होती.

"कुलगुरूसाहेब," त्या उभ्या राहिल्या, "पोरीची काही चूक नाही. हे माझं वाक्य आहे, आणि ते खोटं आहे. आम्लात पाणी कधीच ओतायचं नसतं. पाण्यात आम्ल सोडायचं असतं."

"तुम्ही खोटं शिकवत होतात?" उंबरकर ओरडले.

"मी मुलांना माझ्याशी भांडायला शिकवत होते! दरवर्षी पहिल्या दिवशी हे वाक्य मी छातीठोकपणे सांगायचे आणि थांबायचे. कुणीतरी हात वर करायचंच. 'मॅडम, उलटं आहे.' त्याचं नाव मी फळ्याच्या कोपऱ्यात लिहायचे आणि वर्षभर पुसू द्यायचे नाही. सत्तावीस वर्षांत ते बरोबर वाक्य मला एकदाही बोलावं लागलं नाही. मुलंच बोलली. आणि मुलांचे आवाज तुम्ही गाळून टाकलेत!"

कुलगुरू तज्ज्ञांकडे वळले. "तुमचं मत?"

"आम्लात पाणी," तिघं एकदम म्हणाले. "बारीक धाऽरेनं."

तिघांचाही 'धा' लांबला. तिघंही लेपित होते. न लेपलेल्या प्राध्यापकांना विद्यापीठाने केव्हाच नारळ दिला होता. बाईंनी पिशवीतून पाठ्यपुस्तक काढून त्यांच्यापुढे आपटलं. पहिल्या तज्ज्ञाने पान वाचलं आणि शांतपणे पुस्तक मिटलं.

"छपाईची चूक दिसते."

"मग लिहून घ्या," कुलगुरू कारकुनाला म्हणाले. "समितीने एकमताने ठरवलं की..."

"थांबा!" बाईंनी टेबलावर हात आपटला. राग समितीचा होता आणि स्वतःचाही. पाच सह्या त्यांच्याच होत्या. त्या भिंतीपाशी गेल्या, वर्गात उभ्या राहायच्या तशा उभ्या राहिल्या आणि तीच लकब घेऊन म्हणाल्या, "लक्षात ठेवा लेकरांनो. आम्लात पाणी ओतायचं. बारीक धाऽरेनं."

आणि त्या थांबल्या.

तिन्ही तज्ज्ञांनी माना डोलावल्या. कुलगुरू घड्याळ बघू लागले. उंबरकरांना काहीच कळेना.

मग बँडेज बांधलेला एक हात हळूहळू वर गेला.

"मॅडम, उलटं आहे," सादिया म्हणाली. "पाण्यात आम्ल."

बाईंचे डोळे भरून आले. त्यांनी कारकुनापुढचा ठरावाचा कागद ओढला, 'एकमताने' या शब्दावर फराटा मारला आणि वरच्या कोपऱ्यात ठळक अक्षरांत लिहिलं : सादिया सय्यद.

"आणि सही?" उंबरकरांनी विचारलं. "उद्याचं लेपन?"

"नाही करत. इतिहासाचे कुलथे सर वर्षातून एक तास इंग्रजांची बाजू घेऊन बोलायचे, पोरांनी तुटून पडावं म्हणून. ठाऊक आहे तुम्हाला? साचा त्यांचाही घेतलात ना?"

"घेतलाय," उंबरकर म्हणाले. त्यांचा चेहरा पहिल्यांदाच उतरला होता.

"माझ्या विषयातली चूक कळायला या पोरीला भाजावं लागलं," बाई म्हणाल्या. "उरलेल्या त्रेपन्न विषयांत कोणाकोणाला भाजायचं राहिलंय, त्याची यादी आणा. मग मागा सही."