चोलोकसायची सहा माणसं

किटलीचं झाकण खडखडलं. घरात तेवढाच आवाज. माझी लेक सेझिम निजली होती, आणि ती निजते तेवढ्याच वेळात माझं काम होतं. नारिनच्या आपत्ती कार्यालयासाठी मी घरूनच अंदाज बांधते. उपग्रहाची बर्फाची चित्रं, नदीची पातळी, कुरणांवरचे फोनचे सिग्नल, फिरत्या दुकानातून वर गेलेलं पीठ. सगळं एकत्र केलं, की चिखलाचा लोंढा कुठे येणार आणि तिथून किती माणसं उतरवायची ते कळतं.

त्या दुपारी नकाशावर चोलोकसायचा उतार लाल झाला. माणसं सहा.

नोंदीत पाच होती. एकेक माहिती वेगळी काढून पाहिली, तर पाचच. एकत्र केली, की सहा.

तिथे तंबू एकच, साइरागुलचा. फोन केला तर ती हसली, तुझ्या यंत्राला चष्मा लाव म्हणाली. पण चाळीस दिवसांच्या आतलं बाळ आमच्यात कुणी परक्याला सांगत नाही. सेझिमला मीही असंच लपवलं होतं. म्हणून आडून विचारलं. तिचं हसू विझलं. तिच्या सुनेचं, बुरुलचं, बाळ मागच्याच आठवड्यात गेलं होतं. तंबूमागे पुरलं होतं.

मग बुरुलने फोन घेतला. "ताई, सहाच राहू दे. खोडू नकोस."

माणसं उतरवायला गेलेली गाडी आकडा पुरा होईपर्यंत थांबते. लोंढा थांबत नाही. मी माझ्या हाताने सहाचे पाच केले.

संध्याकाळी ती पाचही जणं आमच्या गल्लीतल्या शाळेत उतरली. सेझिमला कडेवर घेऊन मी चहा आणि पिठाचे तळलेले गरम बोर्सोक नेले. साइरागुलने मला पोटाशी धरलं. बुरुलने खाण्याला हात लावला नाही. पाळणा सोडवायला ती तंबूकडे परत निघाली होती. ड्रायव्हरने तिला गाडीत बसवलं, म्हणाला, पाच झाली, चला.

"तू माझ्या मुलीला मोजलं असतंस, तर तो थांबला असता," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

घरी येऊन सेझिमला निजवलं, नकाशा उघडला. तो उतार आता उरलाच नव्हता. चोलोकसाय, माणसं शून्य.

नकाशावर मी खाली सरकले. आमची गल्ली. आमचं घर. नवरा रशियात कामाला, घरात आम्ही दोघी.

माणसं तीन.

एकेक माहिती वेगळी काढली. दोन. पुन्हा दोन. एकत्र केली.

खोडायला बोट उचललं, ते तसंच राहिलं.

आतून सेझिमचं कुजबुजणं ऐकू आलं. मी दार लोटलं. ती भिंतीला चिकटून बसली होती, अर्धी गादी मोकळी सोडून. मोकळ्या भागावरचं पांघरूण ओलं होतं, त्याला बर्फाच्या पाण्याचा आणि मातीचा वास येत होता. सेझिम ते हलक्या हाताने थोपटत होती.

"आई," ती हळू आवाजात म्हणाली, "हिला दूध कोण पाजणार?"