शिवणीतली माया

ही गोष्ट खरी आहे.

खोटीच सांगायची असती तर मी यापेक्षा बरं भूत निवडलं असतं. मोकळे केस, पांढरे कपडे, मध्यरात्र, असं काहीतरी. हे भूत दुपारी यायचं. जेवणं उरकल्यावर, भर उजेडात. आणि येऊन मुकाट्याने शिवत बसायचं.

घडलं ते माझ्या सख्ख्या ताईच्या घरी. तिसरा मजला, दोन खोल्या आणि हॉल. माणसं तीन. ताई, भावजी आणि ताईच्या सासूबाई.

ताई फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकायची नोकरी करते. सकाळी जाते, संध्याकाळी येते. घरी येईपर्यंत तिच्यातले सगळे शब्द संपलेले असतात. भावजी कवळ्या बनवतात. ते कोणाशीही बोलताना तोंडाकडे बघतात आणि मनातल्या मनात माप घेतात. सासूबाई दिवसभर घरी. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. माणूस दिसतं, पण चेहरा दिसत नाही.

तर ताईने शिलाई मशीन घेतलं. विजेवरचं, कोरं, खोक्यातलं. जुनं असतं तर कोणाचा तरी जीव अडकलाय म्हणता आलं असतं. याला दोन वर्षांची वॉरंटी होती.

घर सजवायचं तिने मनावरच घेतलं. व्हिडिओ बघून शिकली. पडदे झाले. उशांचे अभ्रे झाले. सोफ्याला कव्हर झालं. मग मिक्सरला, रिमोटला, गॅसच्या सिलिंडरला. इस्त्रीला झालं आणि त्या कव्हरला पुन्हा एक पिशवी झाली. भावजी घरात एका जागी फार वेळ बसायचे नाहीत. उगाच कशाला विषाची परीक्षा.

मशीन सासूबाईंच्या खोलीत ठेवलं होतं. खिडकीपाशी. उजेड तिथेच चांगला.

एके दिवशी सासूबाईंनी एक अभ्रा हातात घेतला. उलटा केला. शिवणीवरून बोटं फिरवली.

"माया नाही ठेवलीस गं," त्या म्हणाल्या.

झालं.

ताईने त्या दिवसापासून सासूबाईंशी बोलणंच टाकलं. आधी बोलायची तेही फार नव्हतं, त्यामुळे फरक कळायला सगळ्यांना वेळ लागला.

आणि मग एका संध्याकाळी, जिन्यात...

खालच्या मजल्यावरचे काका भेटले. रात्रपाळी करतात, दिवसा झोपतात.

"दुपारचं मशीन जरा हळू चालवा हो," काका म्हणाले. "डोळा लागला की सुरू होतं. खर्र... खर्र..."

"दुपारी मी कामावर असते," ताई म्हणाली.

"मग कोण चालवतं?"

ताई वर आली. तिने मशीनला हात लावला. गार होतं. पण सुईत हिरवा दोरा होता. सकाळी तिने पांढरा लावून ठेवला होता.

ताईला सगळं समजलं. म्हणजे असं तिला वाटलं. म्हातारी माझ्या माघारी माझं काम उसवते आणि स्वतः शिवते. मला दाखवून द्यायला.

तिने सोफ्याचं कव्हर काढून उलटं केलं.

तिची शिवण तिथे नव्हती.

तिची टीप म्हणजे भावजींच्या भाषेत पहिल्यांदा बसवलेली कवळी. इकडे वर, तिकडे खाली. ही टीप सरळ होती. बारीक, एकसारखी. आणि शिवणीच्या आत चांगलं दोन बोटं कापड जास्तीचं सोडलेलं होतं. कडेकडेने, चारही बाजूंनी.

ताई बघत राहिली.

कव्हर सोफ्याला अगदी नेमकं बसत होतं. कालही बसत होतं, आजही. आत एवढं कापड गेलं तर बाहेरून ते आखूड व्हायला हवं. झालं नव्हतं. तिने उरलेल्या कापडाची पिशवी ओतली. एकही तुकडा कमी नव्हता.

मग हे कापड...

आलं कुठून?

तिने उजेडात धरून बघितलं. नक्षी तीच, पानं तीच. पण आतलं कापड विटलेलं होतं. वर्षानुवर्षं उन्हात राहिल्यासारखं. कव्हर शिवून अजून महिनासुद्धा झाला नव्हता.

ताईने ते सासूबाईंच्या पुढ्यात टाकलं. बऱ्याच दिवसांनी बोलली.

"हे तुम्ही केलंत ना? स्पष्ट सांगायचं होतंत, मला शिवता येत नाही म्हणून."

"मी कशाला करू? सुईचं नाक दिसत नाही मला."

"आणि मला माया नाही म्हणालात ते?"

"कधी?"

"अभ्रा हातात घेऊन म्हणालात. तुमची औषधं मी बघते, डोक्याला तेल मी लावते, आणि मला माया नाही."

सासूबाईंनी मान खाली घातली. मग त्यांचे खांदे हलायला लागले. रडतायत असं वाटलं. हसत होत्या.

"अगं वेडे, कपड्यातली माया. शिवणीच्या आत जास्तीचं कापड सोडतात, त्याला माया म्हणतात. पुढेमागे उसवून मोठं करता यावं म्हणून. तुझ्या व्हिडिओत काय म्हणतात?"

"सीम अलाउन्स," ताई म्हणाली. आणि तिलाही हसू आलं. इतक्या दिवसांचा अबोला, आणि तो अर्ध्या इंच कापडासाठी.

भावजीही हसले. ते सहसा हसत नाहीत, समोरच्याचे दात बघतात.

मग सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या, "पण सांगितलेलं ऐकलंस हो. आता कशी छान ठेवतेस. रोज दुपारी मी बघतेच ना."

ताईचं हसू थांबलं.

"रोज दुपारी काय बघता?"

"तुला. खिडकीकडे तोंड करून बसतेस. चकार शब्द बोलत नाहीस. म्हटलं रागावली आहे, येईल ताळ्यावर."

"आई, मी दुपारी घरी नसते."

"असतेस गं. मी कूस बदलली की थांबतेस सुद्धा. मला झोप लागावी म्हणून."



भावजींनी ताईकडे बघितलं. ताईने भावजींकडे. त्या घरात त्या क्षणी तीन माणसं होती आणि प्रत्येकाला दुसऱ्या कोणाचा तरी संशय होता. सासूबाईंना वाटलं, ही खोटं बोलते. ताईला वाटलं, म्हातारी नाटक करते. आणि भावजींना वाटलं...

आईचं डोकं जाग्यावर नाही.

भावजींनी त्याच रात्री बहिणीला फोन केला. रविवारी येऊन आईला घेऊन जा म्हणाले. तिच्याकडे माणसांचा राबता आहे, चोवीस तास कोणी ना कोणी असतं. इथे दिवसभर एकटी राहून आई काहीबाही बघायला लागली आहे.

सासूबाईंनी भिंतीपलीकडून ते ऐकलं. डोळे गेले तरी कान शाबूत होते. सकाळी त्या आपल्या बॅगेत कपडे भरत होत्या. न रडता. घडी नीट घालून.

"माझ्या घरातून मला वेडी ठरवून पाठवणार," त्या एवढंच म्हणाल्या. "पाठवा."

ताईला ते लागलं. तिला पटत नव्हतं. वेड्या माणसाला अशी सरळ टीप घालता येत नाही. शहाण्या माणसालाही येत नाही, हे ती स्वतःवरून सांगू शकत होती.

"एकदा खात्री करू," ती भावजींना म्हणाली. "रविवारच्या आधी."

शुक्रवारी भावजींनी सुट्टी टाकली. ताई कामावर गेली. सासूबाई जेवून आडव्या झाल्यावर भावजींनी कवळ्यांच्या साच्याची पांढरी पूड आणली. मैद्यासारखी बारीक. पलंगापासून खिडकीपर्यंत, दारापासून मशीनपर्यंत, खुर्चीभोवती, मशीनच्या पेडलवर, सगळीकडे चाळणीने पसरली.

"हे काय रे?"

"मुंग्यांची पावडर आहे, आई. खाली उतरू नकोस."

दार लोटून ते हॉलमध्ये बसले. कव्हर घातलेल्या सोफ्यावर, जरा कडेलाच.

बराच वेळ काही नाही.

पंखा फिरत होता. खाली कोणीतरी स्कूटर सुरू करायचा प्रयत्न करत होतं. मग ती सुरू झाली आणि गेली.

आणि मग...

खर्र.

थांबलं.

खर्र... खर्र... खर्र...

भावजी उठले. त्यांना वाटलं होतं आपण धावत जाऊ. पाय तसं काही करायला तयार नव्हते. ते दारापर्यंत पोचले आणि दार ढकललं.

आवाज थांबला.

सासूबाई पलंगावर होत्या. कुशीवर, हात उशाखाली. चेहरा खिडकीकडे. हसऱ्या.

खुर्ची रिकामी होती. मशीनवर पडद्याची कड लावलेली होती. अर्धी शिवून झालेली.

भावजींनी खाली बघितलं. पूड जशीच्या तशी. एक रेघ नाही, एक ठिपका नाही.

फक्त पेडलवर...

पाऊल होतं.

उजवं, अनवाणी. पाची बोटं स्वच्छ उमटलेली. भावजींनी आयुष्यात एवढा सुबक ठसा घेतलेला नव्हता.

"दारात काय उभा आहेस?" सासूबाई म्हणाल्या. "बोल की तिच्याशी."

"कोणाशी?"

"तुझ्या बायकोशी. बसली आहे ती काय."

भावजींनी खिशातून फोन काढला. ताईला लावला. आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा मोठा केला.

"कुठे आहेस?"

"कामावर. कुठे असणार? काय झालं?"

सासूबाईंचं हसू हळूहळू ओसरलं. त्यांनी फोनकडे बघितलं. मग खुर्चीकडे. मग पुन्हा फोनकडे.

"ही तिकडे आहे," त्या म्हणाल्या. "तर मग..."

मशीनची सुई एकदा खाली गेली.

वर आली.

बस. तेवढंच.

संध्याकाळी ताई आली तेव्हा भावजी हॉलमध्ये पेडल मांडीवर घेऊन बसले होते. नमस्कार नाही, चहा नाही. "पाय दे," म्हणाले. ताईने दिला. त्यांनी तो ठशावर अलगद टेकवला. ते कवळी बसवताना बघतात तसं चारही बाजूंनी बघितलं. करंगळी जन्मापासून जरा आत वळलेली आहे ताईची. ठशातलीही होती.

"कुठेही घासत नाही," भावजी म्हणाले.

बहिणीला नको येऊ म्हणून कळवलं. आईचं डोकं जाग्यावर आहे, असं भावजींनी तिला सांगितलं. मग काय झालं होतं, असं तिने विचारलं. त्यावर त्यांनी फोन ठेवला.

ताई सासूबाईंपाशी जाऊन बसली. बॅगेतले कपडे एकेक करून कपाटात परत ठेवले.

"चुकलं माझं, आई. राहा इथेच."

"राहतेच आहे. पण तुझ्यासाठी राहते असं नको समजूस." सासूबाई खिडकीकडे बघत म्हणाल्या. "तिला अजून काज करता येत नाहीत. तेवढं शिकवायचं राहिलंय."

 खोलीत जरा गारठा वाटला म्हणून ताईने खिडकी लावली. दुसऱ्या दिवशी भावजींनी मशीन माळ्यावर टाकलं. वायर काढून, दोरीने बांधून.

पुढच्या आठवड्यात जिन्यात रात्रपाळीवाले काका भेटले. आता आवाज पुष्कळ कमी झाला, म्हणाले. आभार मानले.

कमी झाला.

बंद झाला, असं नाही म्हणाले.

"आता हाताने शिवते ती," सासूबाईंनी खुलासा केला. "टाके बारीक आहेत. मशीनपेक्षा बरे."

ताईने घर बदलू म्हटलं. सासूबाई नाही म्हणाल्या. एकदा मला या घरातून काढायला निघाला होतात, दुसऱ्यांदा नाही. आणि ती बिचारी दुपारभर कुणापाशी बसेल? ताईने विचारलं, भीती वाटत नाही तुम्हाला? तर म्हणाल्या, तुझी वाटायची आधी.

आता ते तिथेच राहतात. कोणाला काही झालेलं नाही, हे मुद्दाम सांगतो. सासूबाईंची तब्येत सुधारली आहे. डोळ्यांचं ऑपरेशन मात्र त्या पुढे ढकलतात. विचारलं की विषय बदलतात.

फक्त संध्याकाळी ताई कामावरून येते, बेल वाजवते. आतून सासूबाई विचारतात, "कोण?"

"मी."

मग जरा वेळ जातो. कडी लगेच निघत नाही.

"मी म्हणजे कोणती?"

"संध्याकाळची," ताई म्हणते.

मग दार उघडतं.

हे सगळं ताईने मला एकदा भर रस्त्यात, बसची वाट बघत उभी असताना सांगितलं. घरात सांगायला ती तयार नव्हती. मी हसलो. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी हसणं अर्ध्यावर सोडलं.

गेल्या मंगळवारी मी सहज तिच्या घरी फोन केला. ताईने उचलला. मला बरं वाटलं.

किती दिवसांनी केलास रे, म्हणाली. जेवलास का, म्हणाली. वाळलास असं ऐकलं, जपून राहा, म्हणाली. तुझ्या शर्टाचं माप पाठव, मी शिवून ठेवते, अंगाला जरा सैलच ठेवीन. इतक्या प्रेमाने ताई माझ्याशी जन्मात बोललेली नाही.

इतक्या प्रेमाने की मी घड्याळाकडे बघितलं.

दुपार होती.

मी काहीच बोललो नाही. पलीकडून तीही गप्प झाली. फोन मात्र ठेवला नाही. मीही ठेवू शकलो नाही. बराच वेळ नुसता श्वास ऐकू येत होता आणि त्यामागे, लांबून, कापडातून दोरा ओढल्याचा आवाज.

मग तिने अगदी हळू विचारलं,

"माप... देतोस ना?"