गाण्याच्या खोलीची काच

दोन काचांच्या खिडकीत दुसरी काच बसवताना तोंडाला फडकं बांधायचं आणि आतल्या बाजूवर कुणाचा श्वास पडू द्यायचा नाही. का, ते विचारायचं नाही. पिराजी सुतारानं हा नियम लेकीला लहानपणीच घालून दिला होता. बिदरच्या कॉलेजात विज्ञान शिकल्यावर यशोधरानं कारण स्वतःच शोधलं. श्वासात ओल असते, ती दोन काचांमध्ये अडकून बसते. एवढं साधं बापानं कधी सांगू नये, याचा तिला रागच होता. पण त्याचे हात थरथरू लागल्यापासून पुट्टी तीच भरायची.

त्या दुपारी दोघं हुमनाबादला रेवणसिद्धप्पांकडे आले होते. त्यांचा कॅसेटचा धंदा. घरामागे भक्तीची वचनं गाऊन रेकॉर्ड करायची खोली, भिंतींवर आवाज शोषणारा जाड नमदा, खिडकी एकही नाही. गेल्या उन्हाळ्यात त्यांची धाकटी सून मल्लम्मा तिथं रियाजाला बसली आणि बाहेरून कडी लागली. तिच्या हाका कुणालाच ऐकू आल्या नाहीत. संध्याकाळी दार उघडलं तेव्हा तिच्यात जीव नव्हता. कडी कुणी लावली, हे कुणी विचारलं नव्हतं. आता शेजारच्या रेकॉर्डिंग मशीनच्या खोलीतून आतलं दिसावं म्हणून मधल्या भिंतीत सागवानी चौकट बसवली होती, मांडी घालून गाणाऱ्याच्या उंचीला.

कंदिलाच्या उजेडात यशोधरानं काचा पुसल्या, पुट्टी भरली, पट्ट्या ठोकल्या. जवसाच्या तेलाचा वास कोंदला होता. पलीकडची रिकामी खोली इतकी मुकी, की हातोडीचा आवाजही लगेच विझायचा.

मग काचेवर डाग उमटला. रुपयाएवढा, धुरकट.

तिनं तो पुसला. गेला नाही. पलीकडे जाऊन पुसला. तरी तसाच. तो दोन काचांच्या मध्ये होता. हळूहळू विरला... आणि पुन्हा उमटला. तिनं आपला श्वास रोखून धरला. डाग येतच राहिला, जातच राहिला.

"अप्पा... हे बघा."

पिराजी बघतच राहिला. "मधी श्वास सोडलीस व्हय?"

"माझा असता तर एका जागी बसला असता. ह्यो येतोय, जातोय..."

रेवणसिद्धप्पा उंबऱ्याबाहेरच थांबले होते. "काळा रंग मारून टाक, पिराजी. खिडकी नको आता."

"मालक म्हणतेत तसं कर, बाई."

"अन् कामून, ते विचारायचं न्हाई!" यशोधरा उसळली.

"कॉलेज शिकलीस म्हणून बापाला उलट बोलायलीस?" रेवणसिद्धप्पा म्हणाले.

"बोलायले! तवा मल्लम्माचं ऐकलं न्हाई. आता ती दिसायलीय, तर झाकायचं? मी रंग मारणार न्हाई. काच उघडणार हाय."

तिनं पटाशी उचलून पट्टीखाली घातली. तिला अडवायला कुणी पुढं आलं नाही.

तेवढ्यात कोपऱ्यातल्या रेकॉर्डिंग मशीनचा आवाज मोजणारा काटा हळूच वर उचलला गेला, खाली आला, पुन्हा उचलला, कुणीतरी सूर लावून बघत असल्यासारखा. वीज सकाळपासूनच गेलेली होती.