कूस कोणी बदलली

धाकटी मुलगी म्हणते, ‘लिहून काढा बाबा, मन हलकं होतं.’ मन म्हणजे काय पोतं आहे, उलटं करून रिकामं करायला? पण पिच्छा सोडत नाही, म्हणून लिहितोय. शुद्धलेखन बघत बसू नका.

आमची ही अंथरुणाला खिळलेली. अर्धं अंग गेलं, वाचा गेली, उरले डोळे. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून सारखी कूस बदलायची, गुडघ्यांमध्ये उशी द्यायची, पाठीला पावडर लावायची. सगळं मीच. थोरली म्हणायची, ‘बाबा, एखादी बाई ठेवू. झोप नाही, जेवण नाही, आरशात बघा कसे दिसताय!’

‘मला कुठं बोहल्यावर चढायचंय?’

त्या दुपारी मोरीत चादरी धुऊन आलो, तर ही खिडकीकडे वळलेली. उशी नीट, पावडर लावलेली. दाराला आतून कडी. वाटलं, मीच केलं असेल, डोकं ठिकाणावर नाही. पलीकडे जाऊन हिच्या डोळ्यांत पाहिलं. ती माझ्या खांद्यामागं बघत होती...

खाली चटईवर जरा टेकलो. डोळा लागला. औषधांचा वास हळूहळू बदलत गेला, वर्षानुवर्षं बंद असलेल्या कपड्यांच्या पेटीसारखा झाला. खांद्याखाली कोणीतरी हात घातला. गार, पण सराईत. हलकेच मला वळवलं. कानाशी कुजबुज, ‘झालं... झालं हं...’ हिला वळवताना मी असंच म्हणतो. शब्द माझे होते, आवाज नव्हता.

जागा झालो तो हिच्या पलंगावर. गुडघ्यांमध्ये उशी. हात उचलेना, जीभ हलेना. एकच गोष्ट डोक्यात, मीही असा पडलो तर हिला बघणार कोण? ही खाली चटईवर, चादर चारी बाजूंनी खोचलेली.

थोरलीनं दार ढकललं. कडी निघालेली होती.

‘बाबा! आईला खाली टाकून स्वतः पलंगावर? लाज नाही वाटत?’

मी नुसते डोळे फिरवले.

संध्याकाळी अंगात जीव आला, तेव्हा सगळं सांगितलं. ‘खोटं बोलू नका,’ म्हणाली, आणि मला धाकटीकडे धाडलं. आईपाशी एकटी राहिली. बाई ठेव म्हटलं, तर म्हणे, ‘जमतंय मला.’ बापावर गेलीय.

मग एका दुपारी तिला फोन केला. मागं थप... थप... ऐकू येत होतं. कफ सुटावा म्हणून पाठ थोपटतात ना, तसं.

‘आईची पाठ कोण थोपटतंय गं?’

थप... थप... चालूच.

‘आईची नाही, बाबा...’ जीभ जड झालेली. ‘माझी.’

धाकटी आणि मी तसेच धावलो. दोघींना धाकटीकडे आणलं. आता पगारी बाई आहे, आम्ही आळीपाळीनं झोपतो. थोरलीला वाचा आलीय, पाणी मागते, चहा मागते. त्या दुपारचा विषय काढला की मात्र भिंतीकडे वळते. स्वतः वळते की कोणी वळवतं, कळत नाही. माफी अजून मागितलेली नाही थोरलीनं.