रमजान उस्तादांचा साचा

फोन उचलला तोच पलीकडून रमजान उस्तादांची बोंब आली. "म्याडम, साचा चोरला माझा! शहबाजनंच नेला!"

फौजदार प्रगती खरात निमगाव केतकीत पोचल्या, तेव्हा हवालदारानं शहबाजला बसवून ठेवलं होतं. परवा त्याचा साखरपुडा. होणाऱ्या सासऱ्यांनी बारामतीहून दोनदा फोन करून विचारलं होतं, पोरगा खरंच चोर आहे का?

रमजान उस्ताद वरातीसाठी जुन्या ऐटबाज मोटारींच्या फायबरच्या बॉड्या बनवायचे. सगळ्या एकाच साच्यातून. शहबाज त्यांच्याच हाताखाली शिकला आणि आता शेळगावात स्वतःची शेड टाकणार होता.

"कुलूप?" प्रगतीबाईंनी विचारलं.

"शाबूत हाय. किल्ली त्याच्याकडं बी असती."

"काल कुठं होतास?"

"बारामतीला, कापडं घ्यायला," शहबाज पुटपुटला.

"काल बॉडी ओतली, उस्ताद?"

"न्हाय."

पण बादलीतल्या घट्ट झालेल्या रसायनाचा उग्र वास अजून नाकात जात होता. जमिनीवर तुटक्या लाकडी पाचरी पडल्या होत्या. मेणाचा डबा सीलबंद. प्रगतीबाईंना चैन पडेना.

"मेण कशाला लागतं?"

"साच्याला आदी मेण, मग माल. न्हायतर बॉडी साच्यालाच चिकटती," शहबाज म्हणाला.

ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या शेडमधून निघून रस्त्याकडं न जाता परसात वळल्या होत्या. तिथं पाचटाच्या छपराखाली शेळ्या निवांत रवंथ करत होत्या.

"सावली कालच केली ह्यांनी," उस्तादांच्या बायको बिबीजान कौतुकानं म्हणाल्या. "खराब बॉडी पालथी घातली, वरनं पाचट."

"शहबाज, बॉडी किती जण उचलतात?"

"दोघं."

दोघांनी जोर लावला. मग चौघांनी. छप्पर तसूभर हललं नाही.

प्रगतीबाईंनी पाचट ओढलं. "काखेत कळसा नि गावाला वळसा! उस्ताद, बॉडी बाहेरून गुळगुळीत असते. ही बाहेरून खडबडीत आहे, कारण हा साचा आहे आणि बॉडी आत अडकलीय. काल एकट्यानं काम करताना तुम्ही मेण विसरलात. पाचरी ठोकल्या, सुटली नाही. मग सगळंच ट्रॅक्टरनं ओढून शेळ्यांवर पालथं घातलंत."

उस्तादांनी साच्यावर हात टेकला.

"आख्ख्या तालुक्याला मी शिकवलं, आदी मेण. उस्तादच इसरला म्हनल्यावर कोन इचारंल मला? चोरी झाली म्हनलं तर हातातला हुन्नर तरी शाबूत राह्यला असता."

बिबीजाननं पदर तोंडाला लावला. शहबाजचे डोळे भरून आले. रागानं की दुःखानं, त्यालाच कळत नव्हतं.

"मला सांगायचं की, उस्ताद. मेण मीच इसरलो म्हनून गावभर सांगितलं असतं," तो म्हणाला. "चोर कशापायी केलंत?"